पोटाला हात लावलास का?

दार लावून घे आणि समोर बस. हा केसपेपर तुझ्याच अक्षरातला आहे ना? मग मोठ्याने वाच. वरची मालकाची माहिती सोड, सोमवारची नोंद वाच.

‘ब्रूनो, लॅब्रॅडॉर, नर, वय चार वर्षं, वजन ३४ किलो. कालपासून चार उलट्या, खाणं बंद. परिसरात ढोल-ताशाचा सराव सुरू. तणावामुळे जठराची हालचाल मंदावली आहे. उलटी थांबवण्याचं इंजेक्शन दिलं. हलका आहार.’

पुढे वाच. पुढे काही नाही, कारण तू लिहिलेलंच नाहीस. ताप किती होता? हिरड्या गुलाबी होत्या की फिकट? कातडी चिमटीत धरून सोडल्यावर परत जाग्यावर बसायला किती वेळ लागला? यातलं एक अक्षर या कागदावर नाही. आणि ‘पोटाची तपासणी’ या रकान्यात तू आडवी रेघ मारली आहेस. मला आज त्या रेघेबद्दल बोलायचंय.

रेघ म्हणजे काय? तपासलं आणि काही सापडलं नाही, की तपासलंच नाही? मान खाली घालू नकोस, उत्तर दे. तपासलं नाहीस. ओपीडीला गर्दी होती, असं तू काल म्हणालास. गर्दी मीही पाहिली. पोट चाचपायला दोन मिनिटं लागतात. सुई भरायलाही जवळजवळ तेवढीच लागली असतील, आणि ती तू काढलीस.

मंगळवारची नोंद: ‘फोनवर विचारलं. उलटी नाही. सुधारणा.’ अरे, उलटी थांबवायचं औषध देऊन उलटी थांबली, तर त्यात सुधारणा कसली? मॅरोपिटंटचा असर चोवीस तास टिकतो, हे तुला तोंडपाठ आहे. त्या चोवीस तासांत त्याच्या आतड्यात काय चाललंय हे सांगणारी एकच खूण आपल्याकडे होती, ती तू पुसून टाकलीस आणि मग कोऱ्या पाटीकडे बघून लिहिलंस की सगळं ठीक आहे. तो पाणी प्यायला का? शी केली का? उठून दारापर्यंत गेला का? एक प्रश्न विचारला नाहीस.

बुधवारी त्याचे मालक, ते आजोबा, त्याला पुन्हा रिक्षात घालून घेऊन आले. उलट्या पुन्हा सुरू. आणि या वेळी तू मेटोक्लोप्रामाइड दिलंस. कशासाठी, ते तूच लिहिलंयस: ‘जठराची हालचाल वाढवण्यासाठी’. या औषधाखाली प्रत्येक पुस्तकात पहिली ताकीद कोणती छापलेली असते? वाटेत अडथळा असण्याची शंका असेल तर देऊ नये. वाट मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय तू मागून रेटा वाढवलास. पुढे भिंत असताना गर्दीला मागून ढकललं की काय होतं, तेच त्याच्या आतड्याचं झालं.

तणावाने जठर थांबतं, हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. वॉल्टर कॅनन यांनी हार्वर्डमध्ये क्ष-किरणांखाली मांजरांचं जठर पाहिलं आणि १८९८ मध्ये ते छापलं. मांजर शांत बसलेलं असताना जठरावरून एकामागून एक लाटा जात, आणि ते बिथरलं की लाटा जागच्या जागी थांबत. ढोलाच्या आवाजाने, दिवाळीच्या फटाक्यांनी कुत्र्याचं पोट दुखावतं, हे आपण दर वर्षी पाहतो. पण कॅनन यांनी लाट थांबलेली डोळ्यांनी पाहिली, मग लिहिलं. तू आजोबांच्या तोंडून ‘ढोल’ हा शब्द ऐकलास आणि निदान लिहून मोकळा झालास. शंभर कुत्र्यांत ते बरोबर निघेलही. पण तू या एका कुत्र्याला तपासायला बसला होतास.

‘हालचाल मंदावली’ हे निदान नाही, हे कायमचं लक्षात ठेव. ते वर्णन आहे. हालचाल का मंदावली, हा प्रश्न तिथून सुरू होतो. आणि पोट आळसावलंय असं म्हणायचा अधिकार तुला तेव्हाच मिळतो, जेव्हा पुढची वाट मोकळी आहे हे तू हाताने, क्ष-किरणाने, सोनोग्राफीने पाहून घेतलेलं असतं. त्याआधी नाही.

आता मला सांग, जठराचं काम काय? ‘अन्न साठवणं’ असं तू तोंडी परीक्षेत म्हणाला होतास, मला आठवतंय. जठर ही पिशवी नाही. वरचा भाग सैल होऊन अन्न घेतो. खालचा भाग, अँट्रम, ते दळतो. मोठ्या वक्रतेवरच्या काहाल पेशी ताल धरतात, आणि कुत्र्यात तो ताल मिनिटाला साधारण पाच लाटांचा असतो, माणसात तीन. प्रत्येक लाट अन्नाला पायलोरसकडे ढकलते, पायलोरस मिटतो, अन्न परत मागे येतं, पुन्हा लाट. असं घुसळत घुसळत घनकण दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झाले की तेवढेच पुढे सोडले जातात. म्हणून कोरडं खाणं खाल्लेल्या कुत्र्याचं जठर पूर्ण रिकामं व्हायला दहा-बारा तासही लागू शकतात, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

आणि जे दळलंच जात नाही, त्याचं काय होतं? हाडाचा तुकडा, मोजा, आंब्याची कोय, दाणे खाऊन टाकलेलं कणीस? ते जठरात पडून राहतं. मग जेवण संपून पोट रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी एक जोरकस लाट जठरापासून निघते आणि आतड्याच्या शेवटापर्यंत झाडू मारत जाते. जोसेफ शुरशेव्स्की यांनी १९६९ मध्ये ती कुत्र्याच्याच आतड्यात नोंदली. ही लाट उरलंसुरलं सगळं पुढे नेते. लहान गोष्ट असेल तर ती शीतून बाहेर पडते. मोठी असेल तर पायलोरसमधून कशीबशी निसटते आणि पुढे जेज्युनममध्ये अडकते.

ही माहिती कुठून आली, याचा कधी विचार केलास? पावलोव यांना १९०४ चं नोबेल पचनाच्या अभ्यासासाठी मिळालं, घंटेसाठी नाही. त्यांनी कुत्र्यांच्या अन्ननलिकेला आणि जठराला छिद्रं पाडून थेंब थेंब रस मोजला. ताल मोजायला, लाटा टिपायला कुत्र्यांच्या पोटांवर तारा शिवल्या गेल्या. आपल्याला जठराबद्दल जे काही ठाऊक आहे, त्यातलं कितीतरी कुत्र्यांच्या जिवावर मिळालंय. ते वापरायचा कंटाळा कुत्र्याच्याच दवाखान्यात बसून करायचा, हे मला सहन होत नाही.

आता गुरुवारची रात्र. साडेनऊला आजोबा ब्रूनोला चादरीत घालून घेऊन आले. तू तेव्हा वसतिगृहात होतास. मी त्याला टेबलावर घेतलं. मी काय केलं ते ऐक, कारण तुला हेच करायचं होतं. दोन्ही हातांची बोटं सपाट ठेवून पोटाच्या दोन बाजूंना लावली आणि काहीच केलं नाही. आधी कुत्र्याला हाताची सवय होऊ द्यायची. घाबरलेला कुत्रा पोट आवळून धरतो. तो श्वास सोडतो तेव्हा क्षणभर सैल पडतं, तेवढ्यात बोटं आत न्यायची. बरगड्यांच्या कमानीमागून सुरुवात करून हळूहळू मागे यायचं. निरोगी आतडी बोटांतून ओल्या सुतळीसारखी निसटतात. ब्रूनोच्या पोटात बेंबीच्या थोडं मागे माझ्या बोटांना अंगठ्याएवढं काहीतरी लागलं. कडक, खडबडीत, निसटत नव्हतं. मी ते जरा दाबलं तेव्हा त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. नुसतं पाहिलं.

सगळ्याला मिळून दीड मिनिट लागलं.

क्ष-किरणात त्या जागेआधीची आतडी फुगलेली होती, पाचव्या कटिमणक्याच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. १.६ पटीच्या वर गेलं की अडथळ्याची शंका घ्यायची, हे तू सेमिनारमध्ये स्वतः फळ्यावर लिहिलं होतंस. रक्तात पोटॅशियम २.८. चार दिवस ओकून ओकून ते निघून गेलं होतं. पोटॅशियम उतरलं की आतड्याचा स्नायू लुळा पडतो. मी दोन मिनिटं स्टेथोस्कोप लावून ऐकलं, पोट गप्प होतं. म्हणजे तू सोमवारी लिहिलेलं ‘हालचाल मंदावली’ हे वाक्य गुरुवारी रात्री खरं झालं होतं. सोमवारी ते खरं नव्हतं.

पोट उघडलं तेव्हा जेज्युनमचा वीतभर भाग काळा पडला होता. तो कापून टाकून दोन टोकं शिवली. आत कणीस होतं. नंतर बाकावर आजोबांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, ‘रविवारी नातवंडांना घेऊन घाटात गेलो होतो. पोरांनी कणसं खाल्ली. ह्याने एखादं उचललं असेल, कुणाच्या लक्षात आलं नाही.’ मी विचारलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, ‘मला कुणी विचारलंच नाही हो, सर.’

पावसाळ्यात लॅब्रॅडॉर उलट्या घेऊन आला की पहिला प्रश्न कणसाचा, आणि मे-जूनमध्ये कोयीचा. मटणाच्या जेवणानंतरच्या दिवशी हाडाचा. ही जातच तशी आहे. साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही असा जनुकदोष असतो, हे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलंय. तो अधाशी नाही, त्याला खरंच भूक लागलेली असते. त्याच्या वतीने आपण विचारायचं असतं.

सोमवारी तू पोट चाचपून क्ष-किरण काढला असतास, तर ते कणीस बहुधा जठरातच सापडलं असतं. फार तर जठर उघडून काढावं लागलं असतं. जठराची भिंत जाड असते, रक्तपुरवठा भरपूर, टाके धरून ठेवते. चार दिवसांनंतर आतडं कापून जोडणं ही वेगळीच जोखीम आहे, आणि ती तो आत्ता पलीकडच्या खोलीत भोगतोय.

आणि बुधवारी आजोबा तुला आणखी एक गोष्ट म्हणाले होते. त्यांनी ती मला शब्दशः सांगितली. ‘हा सारखा नमस्कार घातल्यासारखा बसतो. पुढचे पाय लांब करतो, छाती जमिनीला टेकवतो आणि मागून उभाच राहतो.’ तू हसलास, म्हणालास की गणपती जवळ आलेत. ते तुझ्याबरोबर हसले, कारण तू डॉक्टर होतास. पोटाच्या पुढच्या भागात कळ मारते तेव्हा कुत्रा असा उभा राहतो. त्याला दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने सांगता येत नाही. चार वर्षं त्याच्यासोबत राहिलेल्या माणसाने ते अचूक पाहून तुझ्यासमोर ठेवलं, आणि तू त्यावर हसलास. मला तुझ्या रेघेपेक्षा या हसण्याचा राग जास्त आहे.

वही काढ. उलटीची तक्रार आली की आधी ती उलटी आहे का, हे विचारायचं. कुत्र्याची लाळ गळली, ओठ चाटले, पोट आत-बाहेर झालं आणि मग पडलं, तर उलटी. काही त्रास न होता मान खाली केल्याबरोबर न पचलेलं अन्न नळीच्या आकारात घरंगळलं, तर तो जठराचा दोष नाही, अन्ननलिकेचा आहे. फुगलेल्या, ढिल्या अन्ननलिकेच्या कुत्र्याला उलटीचं औषध देऊन काही होत नाही. त्याला उभं धरून भरवायला आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं तसंच उभं ठेवायला मालकाला शिकवावं लागतं, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन तो न्यूमोनियाने मरतो. मग वेळ विचारायची. जेवणानंतर बारा तास उलटून गेल्यावरही अख्खं अन्न पडत असेल, तर जठर रिकामं होत नाहीये. असा कुत्रा पग किंवा बॉक्सर असला, किंवा वय झालेला शिह त्झू असला, तर पायलोरस जाड झालाय का ते बघायचं. पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस, दिवसभर मात्र खेळतोय, खातोय, असं असेल तर कितीदा नुसतं रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाऊ घातलं की भागतं. तिथे कुणी महिनाभर अॅसिडची गोळी चालवायची गरज नसते. लस न झालेलं पिल्लू ओकत असेल आणि शीत रक्त असेल तर पार्व्हो, त्याला इतर पिल्लांपासून आधी वेगळं काढ, मग पुढचं बोल. आणि घरात कुणी माणसांची दुखण्याची गोळी दिली होती का, हे विचारल्याशिवाय कुणाला बाहेर सोडायचं नाही. जठराला व्रण पाडायला एक आयब्युप्रोफेनही पुरू शकते.

हे सगळं तुला माहीत होतं. त्यामुळे मी तुला अडाणी म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटतंय.

आता हे दुसरं रजिस्टर. फोनचं. हे मी काल रात्री वाचलं. मंगळवार, रात्री अकरा वाजून दहा मिनिटं, खाली तुझी सही. ‘डोबरमन, सात वर्षं. संध्याकाळी जेवल्यापासून अस्वस्थ, ओकायला करतो, पडत काही नाही. सल्ला: उपाशी ठेवा, सकाळी आणा.’

पुन्हा वाच. ‘ओकायला करतो, पडत काही नाही.’ खोल छातीचा, वय झालेला, नुकताच भरपेट जेवलेला कुत्रा. याला काय म्हणतात? बोल. हो. जठर फुगून पिळलं गेलं. आता बरोबर आठवलं तुला.

डोबरमन, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड, ही सगळी त्याच वाटेवरची कुत्री. जठर वायूने फुगतं, स्वतःभोवती फिरतं आणि दोन्ही तोंडं बंद होतात. वर काही येत नाही, खाली काही जात नाही. प्लीहा त्याच्याबरोबर ओढली जाते. हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दाबली जाते, रक्तदाब कोसळतो. काही तासांत जठराची भिंत मरायला लागते, हृदयाचे ठोके विस्कटतात. अशा फोनला एकच उत्तर असतं: आत्ता, याच क्षणी घेऊन या, आणि आम्ही दारात उभे आहोत. पोचताक्षणी शिरेतून सलाईन, नळीने किंवा जाड सुईने वायू काढायचा, मग टेबलावर घेऊन जठर सरळ करायचं आणि पोटाच्या भिंतीला शिवून टाकायचं, म्हणजे ते पुन्हा फिरणार नाही. एवढं सगळं वेळेत करूनही काही कुत्री जातात. सकाळपर्यंत थांबलेली तर बहुतेक जातातच.

त्या डोबरमनचं पुढे काय झालं? रजिस्टरात नाही. बुधवारी सकाळी त्यांना फोन केलास? नाही केलास. नंबर इथे आहे. या खोलीतून बाहेर पडल्यावर पहिला फोन तो. मी करणार नाही, तू करायचास. ते काय बोलतील ते पूर्ण ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही, ‘माझी चूक झाली’ म्हणायचं, आणि तो जिवंत असेल तर त्याला आजच इथे बोलवायचं.

आजोबांनाही तूच सांगायचंस. त्यांना अजून वाटतंय की चूक त्यांची होती, नातवंडांवर लक्ष ठेवायला हवं होतं. काल रात्री ते मला हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांना स्पष्ट सांग, की सोमवारी मी तपासलं नाही. माझं नाव घेऊ नकोस, ‘गर्दी होती’ म्हणू नकोस.

आता ब्रूनोचं. ऑपरेशननंतरच्या तक्त्यावर तू ‘तोंडावाटे तीन दिवस काही नाही’ असं लिहिलं होतंस. ते मी खोडलं आहे. ही जुनी सवय सोड. आतड्याला पोषण रक्तातून मिळतं तसं पोकळीतल्या अन्नातूनही मिळतं, आणि अन्न पोचलं की हालचालही लवकर सुरू होते. काल संध्याकाळी त्याने चार चमचे पातळ, शिजवून कुस्करलेलं चिकन खाल्लं आणि ठेवलं. आज दर चार तासांनी तेवढंच, जरा वाढवत. पोटॅशियम सलाईनमधून चालू आहे, दुपारी पुन्हा रक्त तपासायचं.

जोडलेलं आतडं गळायचं झालं तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात गळतं. म्हणजे उद्या रविवारपासून मंगळवारपर्यंत. हे तीन दिवस तू वसतिगृहात झोपायचं नाहीस, त्याच्या पिंजऱ्याशेजारच्या खाटेवर झोपायचंस. दर चार तासांनी ताप, नाडी, हिरड्या. दर वेळी पूर्ण दोन मिनिटं स्टेथोस्कोप लावून आवाज मोजायचे आणि आकडा लिहायचा. ‘आहे’, ‘ठीक’ असले शब्द मला तक्त्यावर नकोत. ताप १०३ च्या वर गेला, त्याने खाणं पुन्हा सोडलं, पोट हाताला ताठ लागलं, किंवा तो पुन्हा तो नमस्कार घालून उभा राहिला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव.

आणि तक्त्यावर पोटाच्या तपासणीच्या रकान्यात आता रेघ चालणार नाही. जा. आधी तो डोबरमनचा फोन कर. मग हात धुऊन, गरम करून ब्रूनोकडे जा, थंड हात लावू नकोस त्याला. टाक्यांवर दाब देऊ नकोस, बाजूने हळूच लाव. काय लागलं ते मला इथे येऊन सांग.